धुऊन पाठवलेला पंप

अरुणा सुर्वेला धुण्याचं वेड आहे, असं तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. "वेड कसलं डोंबलाचं? खारं पाणी लोखंड खातं, हे आमच्या उरणच्या शेंबड्या पोरालाही कळतं!" असं ती फाडकन ऐकवायची. तिचे वडील उरणला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, आणि समुद्रावरून आलेलं इंजिन गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय त्यांनी कधी शेडमध्ये घेतलं नाही. तेच वळण अंगात मुरवून ती मेकॅनिकलचा डिप्लोमा झाली, बँकेतल्या प्रबोधशी लग्न करून सिंगापूरला आली, आणि समुद्रात सांडलेलं तेल गोळा करणाऱ्या एका कंपनीच्या गोदामाची प्रमुख झाली. आता तिच्याकडे इथलं नागरिकत्व आहे, बेडोकला स्वतःचा फ्लॅट आहे. बाईमाणूस म्हणून सुरुवातीला हसणारे गडी पुढे तिला चांगलेच वचकून राहायला लागले.

काम असं, की कुठेही जहाज फुटलं की या गोदामातून सामान विमानानं रवाना व्हायचं. तेल अडवायचे लांबच लांब तरंगते पट्टे, तेल ओढणारे पंप, नळ्या. पूर्वी बहुतेक बोलावणी गरम समुद्रातली असत. पण जहाजं पार उत्तरेच्या बर्फाळ पाण्यातून ये-जा करायला लागली, तशी कंपनीनंही थंडीची तयारी काढली. आता बोला! बारा महिने घाम गाळणाऱ्या या गावात थंडीची तयारी करायची कुठे? तर मासळीचं एक कोल्ड स्टोरेज भाड्यानं घेतलं. जाडजूड हातमोजे घालून माणसं आत शिरायची, नळ्या जोडायची, दात वाजवत बाहेर यायची आणि समोरच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवर गरम कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढोसायची. झाली तयारी!

तिथं शिकवलेलं मात्र खोटं नव्हतं. थंडीत तेल काकवीसारखं घट्ट होतं. बर्फाखाली शिरलं की हाती लागत नाही. आणि यंत्रात पाण्याचा थेंब ठेवायचा नाही, कारण पाणी गोठलं की फुगतं आणि लोखंड फोडतं. अरुणानं हे ऐकलं होतं, इतरांना शिकवलंही होतं. पण गोदामातली रोजची पद्धत नेमकी उलटी होती, आणि ती तिनंच घालून दिली होती. पंप धुतला की आत थोडं गोडं पाणी ठेवायचं, म्हणजे उकाड्यात आतलं रबर तडकत नाही. इतक्या वर्षांत तिचा एकही पंप कधी अडला नव्हता, आणि याचा तिला भारी अभिमान होता.

विक्रांत तिच्या हाताखाली तयार झालेला. मूळचा नाशिकचा, इथं एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी आहे तोवर राहणार. वुडलँड्सला भाड्याचा फ्लॅट, बायको कादंबरी, शाळेत जाणारी मुलगी. कंपनीत त्याला अरुणानंच आणलं होतं. रविवारी तो सहकुटुंब तिच्याकडे घावन खायला यायचा आणि अरुणाताई, अरुणाताई करत स्वयंपाकघरात लुडबुडायचा.

जानेवारीत बोलावणं आलं. जपानच्याही पार वर, एका कोळीवस्तीच्या खाडीत मालवाहू जहाज खडकावर चढलं होतं आणि तेल गळत होतं. खाडी लवकरच गोठणार होती. त्याआधी तेल निघालं तर निघालं, नाहीतर बर्फाखाली गडप. गोदामात एकच धांदल उडाली. अरुणानं एकेक पंप उघडून, हवा मारून कोरडा ठणठणीत केला. शेवटचा तेवढा दुपारी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावरच्या सरावातून परत आला, वाळूनं आणि खाऱ्या पाण्यानं बरबटलेला. विमानाची वेळ डोक्यावर. आणि तिच्या मनात काय यावं? असलं घाणेरडं यंत्र परक्याच्या दारात पाठवायचं? तिनं स्वतः पाइप हातात घेतला, पंप आतून-बाहेरून लख्ख धुतला, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं झाकण आवळून टाकलं. पाणी आतच राहिलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते असं.

सामानाबरोबर विक्रांत गेला होता. दोन दिवसांनी तिकडून फोन आला. खाडीत तेल ओढायला सुरुवात करताच पंप फुटला. बदलायला गेला विक्रांत. नळ्यांचे खटके बर्फानं जाम झालेले, जाड हातमोज्यात बोटं वळेनात, म्हणून त्यानं उजवा मोजा काढला. उघडा ओला हात त्या थंडगार लोखंडाला चिकटला. बोटं गोठून गेली, आणि पुढे तिथल्या डॉक्टरांना तीन कापावी लागली. त्या गडबडीत काम अडलं, खाडी गोठली, तेल खालीच राहिलं, आणि पुढे बर्फ वितळल्यावर किनाऱ्याला तेलानं काळ्या झालेल्या मेलेल्या पक्ष्यांचा खच पडला.

पंप का फुटला ते अरुणाला तो फोन ठेवतानाच कळलं होतं.

कंपनीची चौकशी सुरू झाली, आणि साप निसटल्यावर भुई धोपटावी तसं सगळे विक्रांतला धोपटायला लागले. हातमोजा काढायचा नाही हा नियम, त्यानं मोडला, चूक त्याची. पंपाचं काय, तर थंडीच तशी होती म्हणे! चूक त्याच्यावर शेकली की नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की पास जाणार. तीन बोटं गमावलेल्या मेकॅनिकला दुसरीकडे कोण उभं करतंय?

"तू कशाला मधे पडतेस? तुझीच नोकरी जायची," प्रबोध म्हणाला.

"जाऊ दे गेली तर! त्याचा हात गेलाय," अरुणा ओरडली.

"मॉम, चिल लाह," आतून डोकावून लेक जाई इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. अरुणानं तिच्याकडे असं पाहिलं की ती परत आत पळाली.

दुसऱ्या दिवशी तिनं भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं. पाणी मी ठेवलं. मोजा त्यानं काढला तो माझ्यामुळे. बोलताना तिला रडू फुटलं, पण तिनं पुरतं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला, इतका प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही म्हणाले. आठवड्यानं निकाल लागला. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. कंपनीनं थंडीच्या तयारीचा नवा विभाग काढला आणि अनुभवी माणूस म्हणून तो अरुणाकडेच दिला. विक्रांतवरचा ठपका पुसला. पण एका हातानं हे काम जमणार नाही, तेव्हा नोकरी संपली.

हे कळल्यावर त्याच दुपारी ती वुडलँड्सला गेली. खोल्यांत बॅगा पसरल्या होत्या. विक्रांत सोफ्यावर बसला होता, बँडेजमधला हात उशीवर ठेवून. अरुणानं बसायच्या आधीच पंपातल्या पाण्याचं सगळं सांगितलं.

"माहीत होतं, ताई," तो म्हणाला. "फुटला तेव्हा आत बर्फाचा गोळाच होता. आणि खरं सांगू? इथं विमानात चढवताना माझा हात लागला होता त्याला. ओला होता. मला उलट बरं वाटलं. म्हटलं, चला, ताईंनी धुतलाय, आता काळजी नाही."

अरुणाला हुंदका आवरेना. विक्रांतच तिला समजवायला लागला, होतं ताई, तुम्ही मुद्दाम का केलंत, वगैरे. तिला ते आणखीच लागलं.

कादंबरी इतका वेळ मुलीचे युनिफॉर्म घडी करून बाजूला ठेवत होती. आता ते कुणालातरी देऊनच टाकायचे होते. ती थांबली.

"ताई, तुम्ही सगळं कबूल केलंत ना ऑफिसात?"

"हो गं. सगळ्यांसमोर."

"मग तुम्हाला काय केलं त्यांनी?"

अरुणाला खोटं बोलता येईना. "मोठी पोस्ट दिली," ती म्हणाली.

हातातला युनिफॉर्म खाली ठेवून कादंबरी उठली, दाराशी गेली, आणि अरुणा बाहेर पडेपर्यंत दार उघडून धरून उभी राहिली.