शोभाताईंचा बोलता संगणक

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाविषयी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे कळतं. पण शोभाताईंवर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

घाटंजीच्या बाजारओळीत ताईंचं टेलिफोन बूथ होतं. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. "जय भीम, ताई," म्हणत आत शिरलो की त्या मान तिरपी करून आधी आवाज जोखत. "जय भीम. जेवला नाहीस वाटते. आवाज पोटातून नाही, गळ्यातून येऊन राह्यला." कापसाचे ते दिवस वाईट होते. भाव विचारायला फोन करून माणूस गप्प झाला, की ताई त्याला लवकर सोडत नसत. "बस ना भाऊ, चहा सांगतला मी. कायले घाई करतं?"

त्यांना बी.ए. करायचं होतं. एका संस्थेनं दिलेल्या जुन्या संगणकावर मी विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं होतं. पुस्तक वाचून दाखवणारा प्रोग्राम मात्र विंडोजचा. तो लिनक्सवर चालवणारं एक फुकट सॉफ्टवेअर जगभरातले लोक मिळून बनवत. संगणक पहिल्यांदा बोलला तेव्हा ताई म्हणाल्या, "याले सर्दी झाली का रे? असू दे. आता दुसऱ्याच्या सवडीनं वाचाचं काम नाही."

पण वाचता वाचता तो अडकायचा. दुरुस्ती त्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत येणार होती, आणि नेमका तिच्यातूनच जुन्या ध्वनियंत्रणेचा आधार काढावा की नाही, असा वाद ते बनवणाऱ्यांत ईमेलवर पेटला होता. जुनी कोणी वापरत नाही, दोन-दोन यंत्रणा कशाला सांभाळायच्या, असं बहुतेकांचं म्हणणं. नवी यंत्रणा ताईंच्या संगणकावर चालतच नव्हती. म्हणजे तो मुका होणार.

मी सगळं वाचून दाखवलं. "त्यायचंही खरं आहे," ताई म्हणाल्या. "दोन बैलजोड्या कोण पोसते? पण लिही. आमच्याकडं पऱ्हाटी उपटायच्या आधी शेताच्या धुऱ्यावरून हाक देतेत, कोणी उरलेला कापूस वेचून राह्यलं का म्हणून. बाई वावरात असन तं थांबतेत. तुमी हाक न देता कायले उपटता?"

"ताई, पऱ्हाटी म्हंजे कापसाचं झाड, हेच त्या लोकायले काय समजन?"

"तू समजव ना! कॉलेजात कायले जातं मंग?"

ताईंचं म्हणणं मी त्या वादात मोडक्या इंग्रजीत लिहिलं. एकानं फटकारलं, "ही शेतकी सल्ल्याची जागा नाही." ताई पोट धरून हसल्या. "चिडला म्हंजे आयकलं त्यानं. लिही पुढं." मग दुसऱ्यानं बिघाड नेमका काय आहे ते विचारलं. रोज संध्याकाळी ताई कान देऊन सांगत, आवाज कुठे तुटतो, कुठे घरघरतो. मी लिहून पाठवी. निर्णय काही होईना.

मग पुढचं शिकायला मी पुण्याला आलो. बूथवर फोन केला की ताईंचा पहिला प्रश्न, "काय म्हणतेत रे ते?" एकदा फोन त्यांच्या भावानं उचलला. ताईंचा ताप डोक्यात गेला होता. यवतमाळला नेईपर्यंत ताई गेल्या. त्यानंतर कितीदा तरी मी तो नंबर अर्धा फिरवून ठेवून दिला. इथे माणसं पुष्कळ बोलतात माझ्याशी. मान तिरपी करून कोणी ऐकत नाही.

दिवाळीच्या सुमारास ईमेल आलं. चिडलेल्या त्याच गृहस्थाचं. जुन्या ध्वनियंत्रणेचा आधार ठेवला आहे, अडकण्याची चूकही सुधारली आहे. खाली एक ओळ होती: "बाईंना ऐकवून बघा आणि कळवा, आवाज आता नीट येतो का."