किल्लीवाल्याचं विकलेलं कर्ज

किल्लीवाल्या मामाने बाई ठेवली आहे, ही बातमी इस्त्रीवाल्याने सोडली आणि किराणावाल्याने तिला मीठमसाला लावला. पुरावाही भक्कम होता. फोन वाजला की मामा दुकान उघडं टाकून मागच्या बोळात पळायचा, भिंतीकडे तोंड करून "हो मॅडम, नाही मॅडम, उद्या नक्की मॅडम" असं कुजबुजायचा आणि घामाने डबडबून परत यायचा. "या वयात!" इस्त्रीवाला म्हणायचा. आवाजात निषेध कमी, हेवा जास्त.

बाई होती, एवढं खरं. पण मामाने तिला ठेवलं नव्हतं, तिनेच मामाला धरून ठेवलं होतं.

बातमी मामीच्या कानावर गेली तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"कोण आहे ती?"

"बाई नाही गं," मामा कसाबसा म्हणाला. "कर्ज आहे."

मामीने सुरी परत उचलली. "त्यापेक्षा बाई परवडली असती."

मग सगळं बाहेर आलं. किल्ल्या कापायचं मशीन मामाने फार पूर्वी क्रेडिट कार्डावर घेतलं होतं. हप्ते जात होते. मग मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला. किल्लीवाल्याचा उजवा हात म्हणजेच त्याचं दुकान, त्यामुळे हप्ते थकले. बँकेचे फोन आले, वाढले आणि एक दिवस अचानक बंद पडले. बँकेने नाद सोडला असं समजून मामा इतकी वर्षं निवांत झोपत होता. बँकेने नाद सोडला नव्हता, विकला होता. अशा थकलेल्या कर्जांचा गठ्ठा बांधून तिने तो एका वसुली कंपनीला पडेल त्या भावात देऊन टाकला होता.

"रद्दी विकतात तसं?" मामीने विचारलं.

"रद्दी विकली की ती परत दार वाजवत येत नाही."

वसुली कंपनीतल्या त्या मॅडमचा आवाज मामाची भाची हुबेहूब काढायची. फोन स्पीकरवर असताना एकदाच ऐकला होता, पण भाचीचा कान म्हणजे टेपरेकॉर्डर. "नमस्काऽर काका! जेवलात का? नाही, मी म्हटलं आमच्या काकांना टेन्शन नको द्यायला. थोडे तरी पैसे टाका ना, माणुसकी म्हणून. नाहीतर काय होतं काका, आमची फील्डची मुलं दुकानावर येतात. ती जरा मोठ्याने बोलतात."

मामी हसून हसून वाकली. मामाला मात्र हसू येईना. 'जरा मोठ्याने' ऐकलं की तो आधी दुकानासमोर कोण उभं आहे ते बघायचा.

किल्लीवाल्याचा धंदा मशीनवर चालत नाही, भरवशावर चालतो. अर्ध्या गल्लीच्या दारांच्या किल्ल्या मामाच्या हाताखालून गेलेल्या. हा माणूस गळ्यापर्यंत बुडालाय हे कळल्यावर त्याच्या हातात घराची किल्ली कोण देणार? चोरी कुठेही होवो, माना आधी याच्याकडेच वळणार. पैसे गेले तर परत मिळवता येतात. एकदा तशी वळलेली मान परत सरळ होत नाही, हे मामाला पक्कं ठाऊक होतं.

त्याने फोनचा आवाज बंद केला आणि तो कोऱ्या किल्ल्यांच्या खणात टाकला. ते आणखीच वाईट झालं. फोन थरथरला की खणातल्या शेकडो किल्ल्या एकदम किणकिणायच्या, जणू सगळी दारं कोणीतरी एकाच वेळी उघडून बघतंय. मामाच्या हातातली कानस जागच्या जागी थांबायची. रस्त्यात कोणी अनोळखी माणूस दुकानाची पाटी वाचत उभा राहिला, की मामा काउंटरखाली काहीतरी शोधू लागायचा.

"मामा, तू एवढा घाबरतोस कशाला?" भाची म्हणाली. "कुलूप उघडायला गेलास की कसा दरडावतोस!"

ते खरं होतं. कोणी बाहेर अडकला आणि मामाला बोलावलं, तर मामा पिशवीत हात घालायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, "दार उघडल्यावर समोर काय दिसेल?" मालक असेल तर पटकन सांगायचा, चपलांचं कपाट, वर बंद पडलेलं घड्याळ, बाजूला सायकल. जो अडखळला, त्याचं दार मामाने कधी उघडलं नाही. एकदा तर सुटाबुटातला एक गृहस्थ नुसताच ओरडत राहिला, आणि मामा पिशवी उचलून निघून आला.

"मग मॅडमला काय विचारलंस?"

मामाने विचारलं काहीच नव्हतं. तिनेच विचारलं होतं, "काका, जरा कन्फर्म करू या हं," आणि भीतीपोटी मामाने जन्मतारीख, जुना पत्ता, दुकानाची जागा सगळं सांगून टाकलं होतं. हे आत्ता, भाचीसमोर बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तिच्याकडे नाव आणि नंबर यापलीकडे बहुतेक काही नव्हतंच. बाकीचं घर त्याने स्वतः उघडून दाखवलं होतं.

भाचीने मग तालीम सुरू केली. ती मॅडम व्हायची, मामाने तोच दाराचा प्रश्न विचारायचा. "नमस्काऽर काका!" एवढं ऐकलं की मामाच्या तोंडून "हो मॅडम" निघायचं. खोट्या मॅडमलाही!

"तुझ्याच्याने व्हायचं नाही," भाची म्हणाली. "लाव पैज. खऱ्या माणसासमोर तू विचारलंस, तर तुझ्या गंजक्या किल्ल्यांचा डबा मी घासून देईन. सगळा."

"लागली," मामा म्हणाला. त्याचा स्वतःवर काडीचाही विश्वास नव्हता.

फील्डचा मुलगा आला तो भर बाजाराच्या वेळी. काखेत फाइल, गळ्यात ओळखपत्र. दुकानात शिवणकामवाल्या बाई घराची दुसरी किल्ली करून घ्यायला उभ्या होत्या. किराणावाला सुट्टे मागायला आलेला.

"काका, फोन उचलत नाही तुम्ही!" तो खरंच जरा मोठ्याने बोलला. "लोकांचे पैसे बुडवायचे आणि लोकांच्याच घरांच्या किल्ल्या करायच्या? या बाईंना माहीत आहे का?"

मामाचा हात हलला. मशीन किंचाळलं आणि किल्लीचा दात खोलवर कापला गेला. किराणावाला सुट्टे न घेताच मागच्या पावली सटकला. बाईंनी आपली मूळ किल्ली मशीनवरून काढली आणि पर्समध्ये टाकली.

पर्सच्या चेनचा आवाज मामाने ऐकला. इतके दिवस ज्याला तो भ्यायचा, ते होऊन गेलं होतं. लपवायला आता काही उरलं नव्हतं. त्याने काउंटर घट्ट धरला आणि तो म्हणाला, "दार उघडल्यावर समोर काय दिसेल?"

"अं?"

"हे कर्ज तुमचं ना? मग आत काय आहे ते सांगा. मूळ किती होतं? मी शेवटचा हप्ता कधी भरला? बँकेने तुम्हाला विकल्याचा कागद कुठाय?"

मुलाने फाइल उघडली. आत एक छापील ओळ होती, मामाचं नाव, फोन आणि शेवटी एक आकडा. त्याने पान उलटलं. मागे कोरं.

"ते... ऑफिसातून मागवावं लागेल."

"मागवा. मग बोलू."

"परत येईन मी," मुलगा म्हणाला, आता हळू आवाजात, आणि गेला.

मामा स्टुलावर बसला तो उठेचना. बाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी पर्स उघडली, किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "नवीन कापा. आणि हात धुऊन घ्या आधी, घामेजलेत." किराणावाल्याने मात्र गोदामाचं कुलूप दुसरीकडून बदलून घेतलं.

भाची पैज हरली. ती भाची म्हणजे हे लिहिणारीच. आता ती दुकानात बसून गंजक्या किल्ल्या घासते आहे, बोटं काळी झालीत, आणि डबा काही संपत नाही. मघाशी खण किणकिणला. दोघांचेही हात थांबले. मग मामाने खण उघडला, किल्ल्यांत हात घालून फोन बाहेर काढला, आणि बोळात न जाता, तिथेच, भाचीसमोर कानाला लावला.