दोन बोटांची कॉर्ड

आई गेली आणि माझी संध्याकाळ मोकळी पडली. नऊ वर्षं ती वेळ तिला भरवण्यात, औषधं देण्यात, कूस बदलून देण्यात गेली होती. आता ऑफिसातून आलं की काय करावं ते सुचायचं नाही. सिडकोतल्या एका गल्लीत गिटार क्लासची पाटी दिसली, तर सरळ जिना चढले. माझं वय सत्तेचाळीस. बाकी सगळी दहा-बारा वर्षांची पोरं.

शिकवणारा मुलगा पंचविशीतला होता. एफ कॉर्ड काही मला लागेना. पहिल्या बोटानं सगळ्या तारा दाबायच्या, त्यातल्या निम्म्या मुक्याच राहायच्या.

"मॅडम, ते राहू द्या," तो म्हणाला. "पॉवर कॉर्ड घ्या. पहिलं बोट सगळ्यात जाड तारेवर. तिसरं बोट शेजारच्या तारेवर, दांडीवरच्या पट्ट्यांची दोन घरं पुढं. बाकीच्या तारा वाजू द्यायच्या नाहीत."

"एवढंच?"

"एवढंच. पण हाताचा आकार मोडू नका. तसाच पुढं-मागं सरकवा."

त्यानं इलेक्ट्रिक गिटार माझ्या गळ्यात अडकवली. मी हात मारला तशी खिडकीची काच थरथरली. इतका मोठा आवाज मी जन्मात कधी केला नव्हता.

शेजारची चिमुरडी म्हणाली, "आंटी, तुमची खालची तार पण वाजतीय." खरंच वाजत होती. पहिलं बोट नुसतं टेकवून ती गप्प करायला मला तीन आठवडे लागले. तोवर मी स्वतःची गिटार आणि छोटा स्पीकर घेतला होता.

हिवाळ्यात एका रविवारी सकाळी क्लासचा कार्यक्रम ठरला. कन्नडला शेती करणाऱ्या धाकट्या भावाला फोन केला. "येतो की ताई, लई दिवस झाले भेटून," तो म्हणाला. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. "आपल्या रानात ऊसतोडीची टोळी आलीय गं. आज नाय जमत."

"असू दे," मी म्हणाले.

हॉलमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचा कोणता?"

"मीच वाजवणारंय."

त्या हसल्या, मग माझ्या मांडीवरची गिटार बघून स्टेजकडे वळल्या.

स्टेजवर मी पोरांच्या मागं उभी राहिले. चारच कॉर्ड, फिरून फिरून. एकदा घर चुकलं, पण लगेच सावरलं. टाळ्या पडल्या. प्रत्येक पोराच्या नावानं कुणी ना कुणी ओरडत होतं. खाली उतरले तर त्याच बाईंनी मोबाईल पुढं केला. "जरा आमचा फोटो काढता का?" काढला. मग आणखी दोन घरच्यांचे काढले. माझा काढा म्हणायची जीभ रेटली नाही.

रिक्षानं घरी आले. साडी न बदलताच गिटार स्पीकरला जोडली आणि त्या चारही कॉर्ड पुन्हा वाजवल्या, जोरात. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी येऊन आवाज कमी करा म्हणेल असं वाटलं. खरं तर यावं, असंच वाटत होतं. दुपारचा दीड वाजेपर्यंत वाजवत बसले. कुणी आलं नाही. मग उठून एकटीपुरती खिचडी टाकली.