द्वारकाबाईला कुणी इचारलं?

बहात्तरच्या दुष्काळात कुंभार पिंपळगावच्या खडीकामावर बायांना एकत्र आणलं ते गिरिजाबाईनं. मुकादमाशी पहिल्यांदा भांडली तीच. बेबीनंदा मॅट्रिक होऊन मागून संघटनेत आली आणि बघता बघता सभेचा माइक तिच्या हातात गेला. ती बोलायला उभी राहिली की गिरिजाबाईचा जळफळाट व्हायचा. भाकरी थापताना ती बेबीनंदासारखं थांबून थांबून बोलून बघायची, आणि स्वतःच्याच आवाजाचा तिला राग यायचा.

बेबीनंदा प्रत्येक सभेत खडीकामावरच्या द्वारकाबाईची हकीकत सांगायची. खडीच्या ढिगाआड मुकादमानं द्वारकाबाईचा पदर ओढला होता. नावासकट सगळं सांगायची. बाया डोळे पुसायच्या, गावंच्या गावं संघटनेत यायची. ओरड झाली तसा मुकादम कामावरून गेला. हकीकत मात्र फिरतच राहिली.

ती केदारखेड्यालाही पोचली. द्वारकाबाईच्या लेकीची सोयरीक तिथंच जमली होती. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, असल्या घरची पोरगी नको. द्वारकाबाईनं कामावर येणं बंद केलं.

गिरिजाबाई तिच्याकडे गेली.

"मुकादमाला काढलं, लई झालं," द्वारकाबाई म्हणाली. "आता मला गावोगाव कशाला फिरवून राह्यले? मला कुणी इचारलं बी न्हाई."

परत येताना गिरिजाबाईला रडू येत होतं. आणि आत कुठंतरी आनंदही होत होता. बेबीनंदाची चूक सापडली होती.

रविवारी बुद्धविहारापुढं बैठक भरली. गिरिजाबाईनं विषय काढताच संघटना चालवणारे अप्पाराव मास्तर चिडले. "आपल्याच माणसांवर बोट दाखवता? संघटना फोडायला समोरचे टपून बसलेत."

"गिरिजाक्काला माइक मिळत न्हाई, ते दुखून राह्यलंय," बेबीनंदा म्हणाली. लोक हसले.

गिरिजाबाईचं तोंड लाल झालं. "दुखतंय. लई दुखतंय. तू बोलती तवा मला तिथून उठून जावं वाटतं. पण मला दुखतंय म्हणून द्वारकाच्या पोरीची सोयरीक मोडली हे खोटं ठरतं का? मुकादमानं द्वारकाला इचारलं न्हवतं. आपण तरी इचारलं का?"

बेबीनंदाचा चेहरा उतरला. ती मास्तरांकडे वळली. "सर, तुम्ही म्हणाल्ते, बाईची हरकत न्हाई."

मास्तर म्हणाले, "चळवळीच्या कामाला कोण हरकत घेईल, असं वाटलं."

"म्हंजे इचारलंच न्हाई," बेबीनंदा म्हणाली. ती तशीच उठून द्वारकाबाईच्या घरी गेली. मागून मास्तरही गेले, माफी मागायला. ते केदारखेड्यालाही जाऊन आले, पण सोयरीक काही परत जुळली नाही. यापुढं बाईनं स्वतः सांगितल्याशिवाय तिचं नाव सभेत घ्यायचं नाही, असं ठरलं.

अंबडच्या मोर्चात माइक गिरिजाबाईला दिला. ती खरं तेच बोलली, पण लोक चुळबुळ करायला लागले. मग बेबीनंदा उठली. पाण्यावर बोलली, मजुरीवर बोलली, कुणाचंही नाव घेतलं नाही. तरी टाळ्या थांबेनात.

द्वारकाबाई त्या दिवशी आली होती. गिरिजाबाईला खेटून बसली होती.

"पोरगी लई भारी बोलती, न्हाई?" ती म्हणाली.

"हां," गिरिजाबाई म्हणाली, आणि तोंड फिरवून रस्त्यावरच्या एसटीकडे बघत राहिली.