एक्स म्हणजे दहा

भिंतींवरच्या त्या निळ्या खुणा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पोलिसातल्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण कुतूहल शिल्लक राहिलं ते या साध्या प्रकरणाचं.

सेलू तालुक्यातल्या एका मोठ्या गावातून पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, लवकर या. चोर धरला. लोक त्याले जित्ता सोडत नाईत."

गावात काही दिवसांपासून भिंतींवर निळ्या खडूने काढलेल्या खुणा दिसत होत्या. कुठे फुली, कुठे दांड्या, कुठे बाणाच्या टोकासारखी खूण, कुठे यांची सरमिसळ. कोणती तरी टोळी घरं हेरून राह्यली, अशी अफवा उठली. फुली म्हणजे दरोडा, दांड्या म्हणजे घरातली माणसं, हा अर्थ लोकांनीच लावला. फोटो मोबाईलवरून पंचक्रोशीत फिरले. अशात कुकर दुरुस्त करणारा एक परगावचा माणूस आला आणि त्याच्या पिशवीत निळा खडू निघाला.

आम्ही पोचलो तेव्हा तो विजेच्या खांबाला बांधलेला होता, ओठ फुटलेला. त्याला सोडवलं, प्राथमिक आरोग्य केंद्रात मलमपट्टी केली आणि ठाण्यात आणलं. स्टेशन डायरीला नोंद घेतली. मारहाण करणाऱ्यांवरही गुन्हा दाखल केला.

"खडू कशाले ठेवतो?" मी विचारलं.

"झाकनावर खून करतो जी. कोन्या बाईचं कोन्तं, नाई तं घोटाळा होते."

"लिहिता येतं?"

"नाई जी. मासा काढतो, फूल काढतो."

त्याने मासा काढून दाखवला. छान होता. मग मी भिंतीवरच्या खुणेचा फोटो समोर धरला. त्याने मान वाकडी करून पाहिलं. "हे काय होय जी?"

खोटं बोलणारा आधी स्वतःच्या सुटकेचं विचारतो, हा माझा अनुभव. हा विचारत होता, बायकांचे कुकर कोणाच्या ताब्यात दिले. तो निर्दोष असल्याची मला खात्री पटली. पण माझी खात्री गावाच्या काय कामाची? फोटो त्याचाही फिरला होता. नुसता सोडला असता तर पुढच्या गावात त्याचा जीव गेला असता. खुणा करणारा सापडायलाच हवा होता.

हवालदाराला घेऊन मी पुन्हा गावात गेलो आणि या वेळी एकेक भिंत पाहत चाललो. पिठाच्या गिरणीवर VIII, पुढच्या कोपऱ्यावर IX, त्यापुढे शाळेच्या कुंपणावर X. मी थांबलो. रोमन अंक! लहान चिन्ह मोठ्याच्या आधी आलं तर वजा, नंतर आलं तर बेरीज. म्हणून IX नऊ आणि XI अकरा.

"साहेब, मंग ही फुली?"

"एक्स म्हणजे दहा. दरोडा नाही."

आता मजा वाटू लागली. XIV, XV, XVI करत आकडे नदीकाठच्या देवळापाशी संपले. पण यात कुलूपबंद पडकं घर होतं, नळाची टाकी होती, शाळा होती. चोर घरं निवडतो, ओळीने मोजत नाही. आम्ही उलटे फिरलो. वळणावळणावर आकडा कमी होत गेला. V, IV, III, II. शेवटची एकच दांडी एका फाटकाच्या खांबावर होती.

घर गावातल्या निवृत्त गुरुजींचं. अर्धा गाव त्यांच्या हाताखाली शिकलेला. मी खांबाकडे बोट दाखवलं, तसे ते खुर्चीत सावरून बसले. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, चहा ठेवायला आत गेल्या तेव्हाच ते बोलले.

"सकाळी देवळात जातो. येताना रस्ता हरवतो. आकडा कमी होत गेला म्हणजे घर जवळ आलं. हिला सांगितलं नाही. सांगितलं तर मुलगा पुण्याला घेऊन जाईल."

"पण रोमनच का, गुरुजी?"

"भिंतींवर ग्रामपंचायतीचे मराठी आकडे, पोलिओवाल्यांचे इंग्रजी. माझे त्यात मिसळले असते."

खुणांवरून एका माणसाला बांधून मारल्याचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं. मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. म्हणालो, "तुमचं नाव न घेता मी गावाला समजावतो."

"नाही. मार त्याने खाल्ला. नाव मी सांगतो."

ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. कुकरवाल्यालाही आणलं होतं. गुरुजी त्याच्या शेजारी उभे राहिले आणि गावच्या बोलीत म्हणाले, "खुना माह्या आहेत. मले माहं घर सापडत नाई, म्हणून केल्या. याचा काही गुन्हा नाई."

मागे उभ्या काकूंनी पदर तोंडाला लावला. मग मारणाऱ्यांपैकीच एकाने पुढे येऊन कुकरवाल्याची पिशवी त्याच्या हातात दिली. कुकरवाला म्हणाला, "गुरुजी, तुमचा कुकर आणा जी. फुकट करून देतो."

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. न कळणारी खूण दिसली की माणूस आधी भीतीचा अर्थ लावतो. तपास म्हणजे ती भीती बाजूला ठेवून खूण पुन्हा, सावकाश वाचणं.

पावसाळ्यानंतर मी त्या गावात मुद्दाम गेलो. खडूचे आकडे धुऊन गेले होते आणि गावकऱ्यांनी तिथे ऑइलपेंटने नवे काढले होते. गुरुजींनी मला ओळखलं नाही. पण गिरणीच्या भिंतीवर रंगवणाऱ्याने आठाच्या जागी IIX लिहिलं होतं. त्यावर निळ्या खडूची काट होती आणि खाली वळणदार अक्षरात VIII.