लग्न डिलीट होत नाही

डेटाबेसमध्ये जागा संपली की नवी डिस्क जोडता येते. माझ्या फजितीच्या किश्श्यांना मात्र कितीही जागा दिली तरी पुरत नाही!

ऑफिसात मी दौंडचा आहे हे सांगायला मला लाज वाटायची. कुणी विचारलं तर "पुण्याचाच!" शेजारच्या टेबलावरचा संपतही "पुण्याचाच!" दोघंही एकमेकांशी छापील मराठी बोलायचो. एकदा शिरूरला एका लग्नात पंगतीला बसलो, तर जिलबीची परात घेऊन समोर कोण? संपत!

"पुण्याचाच ना रं तू?"

"व्हय की. घे गप जिलबी."

*

गावाकडं शेजारच्या आप्पांना सांगितलं, "मी बॅकएंडला आहे."

"म्हंजी?"

"वेबसाइटची लोकांना दिसते ती पुढची बाजू. आम्ही मागं."

आप्पा हळहळले. "चिकाटी सोडू नगं. घेत्याल पुढं कवातरी!"

*

तेव्हा लॅपटॉपचं फार अप्रूप. दिवाळीत मी तो घरी नेला, तर आईनं चार बायका गोळा केल्या. काळी स्क्रीन, तिच्यावर पांढरी अक्षरं. बायका डोळे बारीक करून बघत राहिल्या. शेवटी एक मावशी उठली. "लाइट आल्यावर दाव बाबा."

*

वडिलांना समजावलं, की आम्ही एकच माहिती तीन मशीनवर ठेवतो. एक बंद पडलं तर दुसरं असतं.

"म्हंजी तुमचं एक बी भरवशाचं न्हाई!"

*

पुढं लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटचं काम आलं. नात्यांचं जाळं साठवायचं आणि कोण कुणाचं कोण लागतं ते शोधायचं. चाचणीसाठी मी गुपचूप आमचंच घराणं भरलं. प्रोग्रॅम जो फिरायला लागला, तो थांबेचना! माझी आई वडिलांच्या मामाची मुलगी. नातं फिरून पुन्हा वडिलांवरच येत होतं. असं चक्र आलं तर थांबायची सोय करायला मीच विसरलो होतो.

साहेब दिल्लीकडचे. त्यांनी वाकून माझी स्क्रीन बघितली. "अरे, ये तो भाई-बहन हुए! शादी कैसे होगी? डेटा गलत है, उडा दो!"

सगळे हसले. संपत मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसला. 'आमच्याकडे होतं' एवढंच म्हणायचं होतं, पण जीभ रेटेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसंच आईवडिलांचं लग्न डिलीट केलं.

सकाळी येऊन बघतो तर लग्न जागेवर! सारखं बंद पडणारं तिसरं मशीन रात्री चालू झालं होतं आणि त्यानं आपल्याकडची नोंद बाकीच्या दोघांना परत दिली होती. पुन्हा उडवलं. पुन्हा आलं! साहेब वैतागले. "ये लोग हैं कौन?"

"पता नहीं, सर," मी म्हणालो.

रविवारी घरी हा किस्सा मी रंगवून सांगितला, साहेबांच्या प्रश्नापर्यंत. वडील पोट धरधरून हसले. आई शेंगा सोलत होती. तिनं हात थांबवला.

"आन् ही मान्सं कोन म्हून सायबानं इचारलं, तवा तू काय म्हनलास?"