हेर लांगेंच्या वडिलांनी शिट्टी मारली का?

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी माझ्या बॅगा एका गाडीतून गेल्या आणि मी दुसरीतून. युसूफ वडगावच्या फाट्यावर माझा धाकटा भाऊ गणेश भाऊसाहेबांची पांढरी गाडी घेऊन उभा होता. बॅगा डिकीत गेल्या, आई मागच्या सीटवर बसली, मीही एक पाय आत टाकला. आप्पांनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. "मी यष्टीनं येतो," एवढं म्हणून ते रस्त्याच्या कडेला जाऊन थांबले. आता लेकीनं काय करावं? मी आईकडं बघितलं, आईनं आभाळाकडं. शेवटी मी पाय बाहेर काढला. केजपर्यंत यष्टी पुढं आणि भाऊसाहेबांची गाडी तिच्या मागं, असं आमचं वऱ्हाड निघालं. केजच्या स्टँडवर आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "लोकाची म्हातारी माणसं हायत, नीट सांभाळ माय," म्हणाले आणि परतीची यष्टी धरली. पुढं विमानतळापर्यंत मी गणेशबरोबर गेले. मी आपल्याच बाजूची आहे, असं दोघांनाही वाटत राहिलं.

भाऊसाहेबांचं खरं नाव मी लिहीत नाही, मला सुट्टीत गावाला यायचंय. पण प्रत्येक भागाला एक भाऊसाहेब असतोच. त्यांची शाळा, त्यांची पतसंस्था, त्यांचे टँकर आणि त्यांचा कबड्डीचा संघ. गणेश आमच्या गावाचा चढाईपटू. तो मध्यरेषा ओलांडून आत घुसला की समोरची पोरं कोंबड्यांसारखी पांगायची. एक दिवस भाऊसाहेबांची दोन माणसं घरी आली, चहा प्याली, "भाऊसाहेबांनी बोलावलंय" म्हणाली. महिन्याभरात गणेश त्यांच्या शाळेत लिपिक झाला आणि त्यांच्या संघातून खेळायला लागला. नोकरी लागली म्हणून आईनं पेढे वाटले. आप्पांनी पेढा हातात घेतला आणि म्हणाले, "गावाचं दूध पिऊन मांड्या कमावल्या आन् शड्डू त्यांच्या दारात ठोकतो व्हय रं?"

त्याच वर्षी जत्रेच्या स्पर्धेत भाऊसाहेबांचा संघ आमच्याच गावाविरुद्ध उतरला. शेवटच्या चढाईत गावच्या पोरांनी गणेशचा घोटा धरला. तो त्यांना ओढत रेषेपर्यंत गेला खरा, पण रेषेला हात लागायच्या आधी त्याचा दम तुटला, 'कबड्डी कबड्डी' थांबलं. साऱ्या गावानं ऐकलं. पंचांनी ऐकलं नाही, कारण भाऊसाहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. गावात दंगा झाला, शिव्यांचा पाऊस पडला. आप्पा मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसले होते, ते उठून घरी गेले. तेव्हापासून बापलेक एका ताटात जेवतात, बी-बियाण्याचं बोलतात, पण कबड्डी हा शब्द घरात निघत नाही. आप्पा त्याचा एकही सामना बघायला गेले नाहीत.

मी बर्लिनच्या पूर्व भागातल्या एका फ्लेगेहाइममध्ये नर्स आहे. वृद्धाश्रम म्हटलं की आई डोळ्याला पदर लावते, म्हणून तिला मी 'म्हाताऱ्यांचा दवाखाना' असं सांगितलंय. सकाळच्या पाळीला, म्हणजे फ्र्यूडीन्स्टला, मी आठ-दहा जणांना उठवते, आंघोळी घालते, गोळ्या देते. आणि गप्पा मारते. आई म्हणायची, "हिला शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते कळल्याशिवाय घास गिळत न्हाई." ते खरंच आहे, आणि या कामात त्याचा उपयोग होतो. म्हाताऱ्या माणसांना विचारणारं कुणी उरलेलं नसतं.

हेर लांगे, म्हणजे जर्मन रीतीनं श्रीयुत लांगे, हे त्यांतलेच एक; त्यांचं कोडं मला त्यांच्या पोटऱ्यांमुळं पडलं. पक्षाघातानं त्यांची एक बाजू गेली आहे, चाकाच्या खुर्चीत असतात. पायाला सूज येऊ नये म्हणून रोज सकाळी त्यांना घट्ट मोजे चढवावे लागतात. पाय वाळले असले तरी पोटरीची गाठ तशीच आहे. गणेशचे पाय चेपत मी लहानाची मोठी झाले, मला कळलं की या माणसानं मैदान गाजवलंय. पण शनिवारी हॉलमध्ये टीव्हीवर फुटबॉल लागला, की हेच गृहस्थ मला म्हणायचे, मला खोलीत सोड. असं का, हे कळेपर्यंत मला चैन पडेना. रोज मोजे चढवताना एक प्रश्न, असं करत करत मी सगळं काढून घेतलं.

त्यांचं गाव झेक सीमेजवळ. गावात रेल्वेच्या डब्यांचा कारखाना, कारखान्याचा फुटबॉल क्लब, वडील तिथंच वेल्डर. तेव्हा पूर्व जर्मनीत कम्युनिस्टांचं राज्य होतं आणि गुप्त पोलिसांचा मंत्रीच बर्लिनमधल्या एका क्लबचा सर्वेसर्वा होता. पोलिसाला फुटबॉल कशाला हवा, असं मी विचारलं. हेर लांगे म्हणाले, "लोक त्याला घाबरत होते. त्याला टाळ्याही हव्या होत्या." देशात कुठंही चांगला पोरगा दिसला की तो त्या क्लबात पाठवला जायचा. यांच्याकडंही दोन कोटवाले आले, कॉफी प्याले आणि सोमवारपासून बर्लिनला, असं सांगून गेले. नाही म्हटलं असतं तर पुन्हा कुठंच खेळता आलं नसतं. तिथं त्यांना गरम पाण्याचा फ्लॅट मिळाला, आणि लोक ज्या मोटारीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे ती लगेच मिळाली.

मला हे ऐकताना नवल वाटायला हवं होतं. नवल एवढंच वाटलं, की मला काहीच समजावून घ्यावं लागलं नाही. पंचांना मंत्री धमक्या द्यायचा का, असं मी विचारलं, तर म्हणाले, गरज नव्हती. पंचांना परदेशातले सामने मिळावेत असं वाटायचं, आणि परदेशी जाऊ द्यायचं का नाही हे त्याच खात्याच्या हातात. आमचे भाऊसाहेब तरी पंचाला कुठं काय सांगतात? ते नुसते सोफ्यावर बसतात. फरक आहे, तो मी विसरत नाही. भाऊसाहेबांना आपण चारचौघांत नाहीतर निदान बांधावर बसून शिव्या देऊ शकतो. इथं शेजारी, मित्र, कोण खबर देतंय याचा पत्ता नसायचा, म्हणून माणसं घरातसुद्धा जपून बोलायची. मैदानावर मात्र हजार तोंडं एकदम उघडायची, तेव्हा कुणाकुणाला धरणार?

मग ते मुख्य गोष्टीवर आले. एकदा त्यांना आपल्याच गावच्या मैदानावर, गावच्याच क्लबविरुद्ध खेळावं लागलं. शेवटच्या मिनिटांत यांनी गोल केला. चेंडू आला तेव्हा हे बचावाच्या कितीतरी पुढं उभे होते, उघड उघड ऑफसाइड, म्हणजे गोल बादच. बाजूच्या पंचानं झेंडा वर केलाच नाही. "सगळं मैदान शिट्ट्या मारत होतं," ते म्हणाले. "माझे वडील त्याच गर्दीत होते. त्यांनी मारली का, ते मला कधी कळलं नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मग ते गेले." त्यानंतर त्यांनी त्या मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं.

जर्मन मैदानावर शिट्टी म्हणजे शिवी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आपल्याकडं शिट्टी म्हणजे शाबासकी. चढाई जमली, कुस्ती निकाली झाली, पडद्यावर हिरो आला की शिट्टी. मला वाटलं, म्हाताऱ्याला खंत आहे ती बापानं कौतुक केलं का नाही याची. मी मोज्याची सुरकुती काढत म्हटलं, चला की मग एकदा, तुम्हाला बघून लोक पुन्हा शिट्ट्या मारतील. ते माझ्याकडं बघतच राहिले. मी त्यांना डिवचतेय असं त्यांना वाटलं असणार. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल."

माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही रेल्वेनं गेलो. क्लब आता अगदी खालच्या गटात खेळतो. गवताचं मैदान, लोखंडी कठडा, भाजलेल्या सॉसेजचा वास. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईनं त्यांना बराच वेळ निरखलं आणि नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मध्यंतरात कर्ण्यावर घोषणा झाली, की आज आपल्या मैदानावर अमुक अमुक आले आहेत. हेर लांगेंचा चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. मग कठड्याजवळच्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यातून एक शिट्टी आली, मग तीन-चार. माझा जीव सुपाएवढा झाला. मी दोन बोटं तोंडात घातली आणि ज्वारीतली पाखरं हाकताना शिकलेली शिट्टी अशी मारली की दोन्ही संघ वळून बघायला लागले.

हेर लांगेंनी तोंडावर हात धरला होता, खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. एक काठीवाले आजोबा तरातरा आमच्याकडं आले आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही स्वतःच्याच माणसाला का हिणवताय?" तेव्हा मला शिट्टीचा अर्थ कळला. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी आमच्याकडची रीत सांगितली, तर ते आजोबाही हसायला लागले. हसता हसता त्यांची नजर हेर लांगेंवर गेली आणि ते गंभीर झाले.

"ऑफसाइड होता," ते म्हणाले.

"होता," हेर लांगे म्हणाले.

हे आजोबा म्हणजे हेर नोयमान, हेर लांगेंच्या वडिलांबरोबर कारखान्यात कामाला होते आणि त्या दिवशी त्यांच्या शेजारीच उभे होते. हेर लांगेंनी माझ्याकडं बघितलं. मग मीच विचारलं, यांच्या वडिलांनी शिट्टी मारली होती का?

हेर नोयमाननी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मारली. त्याची सगळ्यात मोठी होती." हेर लांगेंनी मान खाली घातली. "आणि घरी जाताना रस्ताभर आमचं डोकं खाल्लं त्यानं. ऑफसाइड होता, चोरीचा गोल होता, पण माझ्या पोराचा डावा पाय बघितलात का."

दुसऱ्या अर्ध्यात कुणी गोल केला ते मला माहीत नाही. हेर लांगे रडत होते, हेर नोयमान त्यांच्यापुढं बिअर धरून उभे होते, आणि मी बिअरचा ग्लास त्यांच्या ओठाला लावायचा का नाही या पेचात होते, कारण त्यांच्या गोळ्या चालू आहेत. शेवटी लावला.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना फोन केला. पाऊसपाणी झालं, आईचे गुडघे झाले. मग मी जत्रेतल्या त्या सामन्याचं नाव काढलं. आप्पा म्हणाले, आता ते कावून उकरती? मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी गणेशला शिव्या घातल्या का?

"घातल्या. लई घातल्या. दम तुटला व्हता त्याचा, माझ्या कानानं ऐकलं म्या."

आप्पांचा खोकल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात म्हणाले, "पर घोटा धरल्याला असताना चौघांला वढीत नेलं गं त्यानं. तसली चढाई म्या जल्मात बघितली न्हाई." आणि लगेच, "त्याला सांगू नको. हवा शिरल डोक्यात."

इथं राहून मला गावच्या जत्रेची, भाकरीची आठवण येते तशीच या अबोल्याचीही येते. बर्लिनमध्ये माझ्याशी सगळे नीट वागतात, माझ्यावर कुणी रुसत नाही. रुसायला आपलं माणूस लागतं. तोंडावर शिव्या द्यायच्या आणि पाठीमागं रस्ताभर कौतुक करायचं, आणि ते कौतुक ज्याचं त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, असं जिथं चालतं ते माझं घर. आप्पा आणि गणेश, दोघांपैकी एकाच्या बाजूला मला बसता आलं नाही, याचं आता वाईट वाटत नाही.

हेर लांगेंना उत्तर मिळेपर्यंत त्यांचे वडील जाऊन कैक वर्षं झाली होती. आप्पा आहेत. त्यांनी सांगू नको म्हटलं, म्हणून मी फोनवर गणेशला काही बोलले नाही, नुसतं हे लिहिलंय. तो वाचेल. आप्पांना कळलं की ते माझ्यावर चिडतील. चिडू देत.